दादाचा गहू

आमच्या घरी गहू डोळ्यांनी पारखत नसत, दातांनी पारखत. बाबा मूठभर दाणे हातात घेत, त्यातला एक दाढेखाली धरून कट्‌कन फोडत, त्याचा आवाज ऐकत आणि मग चिमूटभर दाणे तोंडात टाकून सावकाश चावत बसत. चावून झालेला चिवट गोळा दोन बोटांत धरून ओढायचा. लांबला तर गहू पोळीचा, तुटला तर कोंबड्यांचा. आम्ही भावंडं तोच गोळा चघळत शाळेत जायचो आणि मास्तरांचा मार खायचो. आता माझ्या दाढा गेल्या, आणि माझा नातू पाकिटातल्या पिठाची पोळी सॉस लावून, गुंडाळी करून खातो. त्याला मी काही म्हणत नाही. म्हणायला लागले की दादाचं सांगावं लागेल, आणि ते माझ्याच्यानं तोंडानं सांगवत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

हुडकेश्वर तेव्हा खेडं होतं. नागपूर सक्करदऱ्याच्या तलावापाशी संपायचं आणि त्यापुढं शेतं लागायची. आमचं घर कौलारू, पुढं छपरी, बाजूला गोठा, मागं विहीर आणि विहिरीला लागून गव्हाचा तुकडा. पहाटे मोटर चालू झाली की आधी नळीतून खाकरल्यासारखा आवाज यायचा, मग पाणी दांडात, म्हणजे शेताच्या पाटात पडायचं, आणि त्या आवाजावर आई उठायची. आई लंबी रोटी करायची. नागपुरात आता ती कुठल्याही ढाब्यावर मिळते, पण ढाब्यावरची रोटी खाऊन मला आईच्या रोटीची आठवण येत नाही, उगाच राग येतो. आई परातीत पातळसर कणीक भिजवायची आणि दोन्ही हातांनी उचलून आपटायची, पुन्हा उचलायची, पुन्हा आपटायची. कपाळावरचा घाम पदरानं पुसायलाही तिला हात रिकामा नसायचा. मग गोळा तळहातावर घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवायचा, तो मनगटावर उतरायचा, मनगटावरून कोपराकडं सरकायचा आणि पार चादरीसारखा झाला की पालथ्या मडक्यावर टाकायचा. मडक्याखाली तुराट्यांचा जाळ. अशी रोटी होते ती गव्हात जीव असेल तरच. गहू हलका असेल तर बाईच्या हातात कितीही कसब असो, रोटी हवेतच फाटते आणि भोकातून पलीकडचं माणूस दिसतं. वांग्याची भाजी, भिवापुरी मिरचीचा ठेचा आणि ही रोटी. रविवारी पाटोडीचा रस्सा. त्या घरात खाण्यापिण्याला कधी कमी नव्हतं, हे मुद्दाम सांगते. कमी होती ती दुसऱ्याच गोष्टीची.

बाबांचं नाव वामनराव, आणि ते नाव सक्करदऱ्याच्या बायांना तोंडपाठ होतं. तिथं एका शेठची पिठाची गिरणी होती. शेठ शौकीन माणूस. दर उन्हाळ्यात, नवा गहू आला की आजूबाजूच्या गावचे शेतकरी बोलावून तो गव्हाची परीक्षा करायचा. ज्याचा गहू सगळ्यांत सरस ठरला त्याला गिरणीच्या अंगणात सगळ्यांसमोर फेटा बांधायचा आणि दारावरच्या बोर्डावर वर्षभर त्याचं नाव राहायचं. मानाचा गहू, आणि खाली शेतकऱ्याचं नाव. बाया पिशवी घेऊन यायच्या आणि गहू मागायच्या नाहीत, नाव मागायच्या. ‘वामनराव आहे काय जी? मंग पायलीभर द्या.’ बाबांना हे कोणी येऊन सांगितलं की ते वरवर कानाडोळा करायचे, पण त्या दिवशी जेवताना एक रोटी जास्त जायची. शेतकऱ्याचं नाव बाजारात कोण घेतो? पिकतं त्याच्या शेतात आणि नाव लागतं व्यापाऱ्याचं. बाबांचं नाव लागत होतं, आणि त्यांना त्याची चटक लागली होती. चटक हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

दिवाकर माझा मोठा भाऊ. कॉलेज अर्ध्यावर सोडून शेतात उतरला, कारण त्याला दुसरं काही आवडतच नव्हतं. तो गव्हात उभा राहिला की हाक ऐकू जायची नाही त्याला. बाबांना मात्र तो बांधावर बसणारा, स्वप्नाळू पोरगा वाटायचा. हिंगण्याला माझे मामा एका कारखान्यात होते. त्यांनी दादासाठी तिथं शब्द टाकून ठेवला होता आणि बाबा रोज उठून तेच ऐकवायचे, ‘कंपनीत जाय गा, महिन्याचा महिन्याले पगार तरी दिसन.’ मग त्या वर्षी दिवाळीच्या आधी बाबा विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. पेरणी तोंडावर आलेली. छपरीत खाट टाकून बाबांना निजवलं आणि दादा त्यांच्या पायाशी येऊन बसला. मामाही समाचाराला आलेले होते.

“बाबा, हा हंगाम माह्या हाती द्या,” दादा म्हणाला. “माह्या गव्हाले गिरणीत मान भेटला तर शेत मी पाहीन. नाही भेटला तर मामासंगं कंपनीत जातो, पुन्हा शेताचं नाव नाही काढत.”

“गहू म्हणजे काय खेळ आहे काय?” बाबा म्हणाले. पण खाटेवरून उठणं शक्य नव्हतं, आणि मामा ऐकत होते. “बरं. दिला शब्द.”

त्या हिवाळ्यात घरात दोन शेतकरी होते, एक उभा आणि एक आडवा. आडव्याचा आवाज मोठा. बाबा छपरीतून सगळं चालवू पाहायचे. दादा ऐकून घ्यायचा आणि करायचं ते करायचा. त्यानं बी निवडायला आईला आणि मला बसवलं, एकेक दाणा पाहून. गहू पोटरीला आला तेव्हा शेण कालवून, आंबवून ते पाण्याबरोबर दांडातून सोडलं, त्याच्या वासानं बाबा आणखी चिडले. लोंब्या बाहेर पडल्या की सकाळी तो मला घेऊन शेतातून फिरायचा आणि वेगळ्या जातीची एकही लोंबी दिसली तर उपटायला लावायचा. माझे पाय दवानं भिजून बधिर व्हायचे. “दादा, एवढ्याशानं काय होते गा?” मी विचारायची. “एक दाणा कच्चा, एक पक्का, तर कणकेचा धागा कसा जुळन?” तो म्हणायचा. खरं सांगायचं तर इतक्या आनंदात मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच.

खरा तंटा झाला तो शेवटच्या पाण्यावरून. दाणा भरत आला की बाबा नेहमी एक पाणी द्यायचे, त्यानं दाणा टपोरा होतो, वजन भरतं. दादानं ते पाणी दिलं नाही. पानं पिवळी पडायला लागली, शेत छपरीतून दिसायचं, आणि बाबांचा जीव तळमळायचा.

“दिवाकर! पाणी सोड गा! लोंबी सुकून राहिली अन् तू बांधावर तमाशा पाहून राहिला काय?”

“आता पाणी नाही, बाबा. दाणा चिकातून उठला, घट्ट होऊन राहिला. आता पाजलं तर वजन भरते, पण दाणा पोटातून पिठूळ होते. त्याले थोडं तहानू द्या.”

“मले शिकवते? माही हयात गेली गव्हात! गहू नाही, भूस पिकवून राहिला तू. साऱ्या गावात नाक कापशीन माह्यं!”

“अवो, त्याच्या हाती दिलं ना तुमी?” आई चुलीपाशी बसून म्हणाली. “मंग करू द्या ना त्याले त्याच्या मतानं.”

बाबांनी पाण्याचा तांब्या अंगणात भिरकावला. तो गडगडत तुळशीपर्यंत गेला. दादानं उचलून आणला, पुन्हा भरला, खाटेपाशी ठेवला आणि शेतात निघून गेला. मोटर त्यानं लावली नाही.

गहू निघाला तो नेहमीपेक्षा थोडा कमी भरला, पण दाणा बघण्यासारखा होता. लहानसर, घट्ट, मधासारख्या रंगाचा. पोत्यात हात घातला की खडे असल्यासारखा वाजायचा. पहिलं दळण आलं त्या दुपारी आईनं कणीक भिजवली. परातीत आपटायला लागली तेव्हाच आवाज वेगळा येत होता, भरीव. मग गोळा हातावर घेतला. तो मनगटावर आला, कोपरापाशी आला, कोपराच्या वर सरकला, आणि आईच थबकली. “पाह्य वं कुंदे,” ती मला म्हणाली, “थांबतच नाही हे तं.” रोटीतून चुलीचा जाळ लाल दिसत होता आणि कुठं एवढंसं भोक नव्हतं. बाबा तोवर काठी धरून चार पावलं टाकायला लागले होते. ते भिंतीला टेकून जेवायला बसले. त्यांनी तुकडा मोडला. मोडला म्हणजे ओढला, कारण ती सहज तुटत नव्हती आणि तोंडात मात्र लोण्यासारखी मऊ होती. दादा समोर उभा होता, हात मागं बांधून. बाबा खात राहिले. भाजीकडं त्यांनी बघितलंही नाही. मग ताट पुढं करून म्हणाले, “आणखी एक दे.” एवढंच. दादाकडं वर मान करून पाहिलं नाही. त्या वेळी मला वाटलं होतं की दादाचं कौतुक बाबांना बोलून दाखवता येत नाही. मी तेव्हा पोर होते आणि बाप म्हटलं की मनात चांगलंच यायचं.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे, मामासुद्धा, बैलगाडीनं गिरणीवर गेलो. अंगणात मांडव, ऊन मी म्हणत होतं, पिठाचा वास आणि पट्ट्याचा धडधड आवाज. शेतकरी आपापली पोती घेऊन बसले होते. शेठनं एकेकाचे दाणे दाढेखाली फोडले, पानपट्टीवाल्याच्या अडकित्त्यानं कापून आतला रंग पाहिला. मग जे गहू उरले ते तिथंच दळून आणले, आणि मडक्यापाशी बसलेल्या बाईनं प्रत्येकाची रोटी हातावर घेतली. रोटी फाटली की लोक ‘गेली, गेली’ करायचे आणि ज्याची असेल तो टोपी सारखी करून हसल्यासारखं करायचा. आमच्या घरच्या गव्हाची रोटी तिनं हातावर घेतली आणि मागचे लोक बघायला उठून उभे राहिले. तिनं ती मुद्दाम जास्त ताणली. खांद्यापर्यंत नेली. फाटली नाही. बाई स्वतःच हसली आणि म्हणाली, “याच्यात काय भरलं जी?”

शेठनं बाबांना पुढं बोलावलं. बोलावणार बाबांनाच, पोत्यावर नाव त्यांचं होतं, वर्षानुवर्षांचा माणूस होता. मी दादाकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट तो वाट पाहत होता. बाबा आता त्याचं नाव घेतील, अशी त्याची खात्री होती. मामाही मान उंचावून बघत होते.

“वामनराव,” शेठ म्हणाला, “गहू तुमचा दरसाल चांगलाच राहते. पण यंदाची बात अलग आहे. काय केलं यंदा, सांगा ना साऱ्याईले.”

बाबा काठीवर रेलून उभे होते. त्यांनी घसा साफ केला. “पाणी तोडलं जी,” ते म्हणाले. “दाणा चिकातून उठला का पाणी बंद. लोक वजनाच्या लालचीनं पाजतात. मी नाही पाजलं. त्याले थोडं तहानू द्या लागते.”

थोडं तहानू द्या लागते. शब्दसुद्धा दादाचे. माझ्या अंगाची आग आग झाली. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर ओरडले, “बाबा, तुमी तं खाटेवर होते! पाणी दादानं तोडलं. तुमी त्याले शिव्या देत होते!”

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग दादाकडं पाहिलं. त्या एका क्षणात सगळं सावरता आलं असतं. काही बिघडलं नसतं त्यांचं. उलट लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. पण ते हसले. “लेक माही भावाची वकील आहे जी,” ते म्हणाले. “पण बापाचं अन् पोराचं काही वेगळं राहते काय?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ‘वा, वामनराव!’ म्हणालं. इतकं शोभिवंत वाक्य होतं ते, की त्यावर काही बोलणाराच वाईट ठरला असता. शेठनं फेटा बांधला. पेंटर रंगाचा डबा घेऊन तयारच होता. दादा मागच्या मागं उठून बैल जुंपायला गेला.

घरी आलो तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. दादानं बैलांना पाणी पाजलं, हातपाय धुतले आणि छपरीत आला. बाबा खाटेवर बसले होते, मामा ओट्यावर.

“बाबा, शब्द दिला होता तुमी,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

“काय शब्द होता? तुह्या गव्हाले मान भेटला तर.” बाबा फेट्याचं टोक सारखं करत होते. “बोर्डावर कोणाचं नाव चढलं? जाय, वाचून ये.”

आईनं मामांकडं पाहिलं. “तू होता ना तवा? तू बोल ना.”

“बहिणीच्या घरात मी काय बोलू?” मामा म्हणाले आणि जमिनीकडं बघू लागले. मग आईच उठली. बाबांच्या समोर तिला मोठ्यानं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. “पोराच्या तोंडचा घास काढला तुमी,” ती म्हणाली. “घास कायचा?” बाबा म्हणाले, “घरातलंच आहे ना सारं.” दादा तेवढ्यात आत जाऊन कपडे पिशवीत भरत होता. तो बाहेर आला आणि मामांना म्हणाला, “मामा, कधी हजर व्हाचं?”

लोक मला म्हणतील, कुंदाताई, बापाचं असं लिहू नये, ते वारले आता. मी म्हणेन, वारल्यानं केलेलं नाहीसं होतं का? बाबा वाईट नव्हते. खाटेवर पडून त्यांना भीती वाटली असणार की शेत आपल्यावाचूनही पिकतं, आपल्यापेक्षा चांगलं पिकतं. ती भीती मला आता या वयात कळते. सून स्वयंपाक करते तेव्हा मीही उगाच मीठ चाखायला जाते. पण कळलं म्हणून मी माफ केलेलं नाही.

दादा सक्करदऱ्याला खोली घेऊन राहिला. कंपनीची बस तिथल्या चौकातून सुटायची, नेमकी गिरणीच्या समोरून. वर्षभर दादा त्या बोर्डासमोर उभा राहून बसची वाट पाहायचा. मी एकदा त्याला म्हटलं, “तू दुसरीकडून काहून नाही चढत गा?” तो म्हणाला, “बस तिथंच थांबते.” पुढच्या हंगामात बाबा स्वतः उभे राहिले. पाणी तोडायचं तर खरं, पण कधी तोडायचं हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी मला दादाकडं पाठवलं. तो नुकताच शिफ्टवरून आला होता, रॉकेलनं हाताचं ऑइल काढत होता. “बाबा विचारून राहिले, पाणी कवा तोडाचं,” मी म्हटलं. तो हात चोळत राहिला. “त्याईनं सांगतलं ना तिथं सारं,” तो म्हणाला. “त्याईलेच विचार.” बाबांनी पाणी फार लवकर तोडलं. दाणा चिमला. बोर्डावर दुसऱ्या गावच्या माणसाचं नाव आलं आणि बाबा गिरणीवर जायचे बंद झाले. नंतर शेत प्लॉट पाडून थोडं थोडं विकलं गेलं. दादानं विकू नका असं एकदाही म्हटलं नाही. जिथं सही मागितली तिथं केली.

म्हातारपणी बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “तो गहू माह्या पोराचा होता. मी नाही पिकवला.” दूधवाल्याला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं. दादा घरात असला की गप्प. आई हयात होती तोवर त्यांच्या मागं लागायची, “अवो, एकदा त्याले म्हणा ना.” एकदा दादा औषधं घेऊन आला आणि खाटेपाशी बसला. आईनं आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. मी दाराशी थांबले. बाबांनी बराच वेळ त्याच्या हाताकडं पाहिलं. यंत्रावर त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. बाबांचे ओठ हलले, मग म्हणाले, “पंखा हळू कर.” दादानं उठून पंखा हळू केला.

बाबांच्या तेरवीला शेठचा मुलगा आला. त्याचेही केस पिकले होते. जेवणं चालू होती, दादा दारात हात जोडून उभा होता, मी त्याच्या शेजारी. तो माणूस दादाचा हात हातात घेऊन म्हणाला की वडिलांनी सुरू केलेला मानाचा गहू तो पुन्हा सुरू करतो आहे. बुटीबोरीकडचे नवे शेतकरी तयार आहेत, त्यांना शेतात उभं राहून शिकवणारा जाणता माणूस हवा आहे. “वामनरावाचा तो गहू मी लहान होतो तवा पाह्यला. तसा पुन्हा नाही आला जी. तुमी त्याईचे चिरंजीव. पाणी कवा तोडाचं ते तुमाले सांगतलं असन ना त्याईनं?”

माझं तोंड उघडलं होतं. दादानं माझ्याकडं पाहून नुसती मान हलवली, नको म्हणून. मग त्यानं आपला हात अलगद सोडवून घेतला.

“नाही जी,” तो म्हणाला. “शेती बाबाच करत होते. मी कंपनीतला माणूस. मले गव्हातलं काही समजत नाही.”